आडवी फेक, उभे पतन

जमिनीला समांतर रोखलेल्या बंदुकीतून गोळी सुटली आणि नेमक्या त्याच क्षणी, तेवढ्याच उंचीवरून दुसरी गोळी हातातून नुसती सोडून दिली, तर जमिनीवर आधी कोणती पोहोचेल? हा प्रश्न विचारला की बहुतेकांचे उत्तर 'हातातून सोडलेली' असेच येते. प्रत्यक्षात मैदान सपाट असेल आणि हवेचा रोध जमेस धरला नाही, तर दोन्ही गोळ्या एकाच वेळी जमिनीला टेकतात. एक पायाशी पडते, दुसरी काहीशे मीटर दूर; फरक काय तो एवढाच.

शालेय पदार्थविज्ञानात हा विषय एखाद्या धड्यापुरता येतो आणि परीक्षेनंतर विसरला जातो. मात्र उंच इमारतीच्या गच्चीतून निसटलेली कुंडी कोठे आदळेल, पूरग्रस्तांसाठी विमानातून टाकलेले धान्य कोणाच्या हाती (किंवा डोक्यावर) पडेल, पुलावरून कोसळलेली मोटार किती वेगात होती, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे याच धड्यात दडलेली आहेत. पृथ्वीभोवती फिरणारे उपग्रहही याच नियमाने बांधलेले आहेत.

एक वस्तू, दोन गती

आडव्या फेकलेल्या वस्तूला एकाच वेळी दोन स्वतंत्र गती असतात. पहिली क्षितिजसमांतर गती. वस्तू हातातून सुटल्यानंतर तिला पुढे ढकलणारे कोणतेही बल उरत नाही. पण मागे ओढणारेही नसते. त्यामुळे जडत्वाच्या नियमानुसार ती सुटतानाच्या वेगानेच पुढे जात राहते. दुसरी गती खालच्या दिशेची. गुरुत्वाकर्षण वस्तूला सरळ खाली, पृथ्वीच्या केंद्राकडे ओढते. दर सेकंदाला तिचा खाली येण्याचा वेग सेकंदाला सुमारे ९.८ मीटरने वाढतो. यालाच गुरुत्व त्वरण म्हणतात.

या दोन गती एकमेकींच्या कामात ढवळाढवळ करीत नाहीत, हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. गुरुत्वाकर्षण आडव्या दिशेने ओढत नाही, म्हणून आडवा वेग बदलत नाही. आडवा वेग कितीही असला तरी खाली पडण्याचा वेळ बदलत नाही, कारण तो केवळ उंचीवर ठरतो. वस्तू जड की हलकी, यानेही (हवा नसेल तर) फरक पडत नाही. जड वस्तूवर गुरुत्वबल अधिक असते. मात्र तिला गती देण्यासाठी बलही त्याच प्रमाणात अधिक लागते. दोहोंची फिटंफाट होते.

आकडे पाहिले की चित्र स्पष्ट होते. सुटल्यापासून १ सेकंदात वस्तू ४.९ मीटर खाली येते, २ सेकंदांत १९.६ मीटर, ३ सेकंदांत ४४.१ मीटर आणि ४ सेकंदांत ७८.४ मीटर. वेळ दुप्पट झाला की पतन चौपट होते. दरम्यान आडवे अंतर मात्र दर सेकंदाला सारखेच वाढते. सेकंदाला १० मीटर वेगाने फेकलेला दगड पहिल्या सेकंदाअखेर १० मीटर, दुसऱ्याअखेर २० मीटर, तिसऱ्याअखेर ३० मीटर पुढे असतो. हे बिंदू कागदावर मांडून जोडले, तर सुरुवातीला जवळजवळ सपाट आणि पुढे अधिकाधिक तीव्र उताराची वक्ररेषा मिळते. गणितात हिला 'अन्वस्त' म्हणतात. आडव्या धरलेल्या नळीतून पडणाऱ्या पाण्याच्या धारेत ती डोळ्यांना दिसते.

कॅरमच्या सोंगट्यांनी पडताळा

यासाठी प्रयोगशाळेची गरज नाही. टेबलाच्या कडेवर दोन सोंगट्या ठेवाव्यात. एका पट्टीच्या फटक्याने एक सोंगटी जोरात पुढे उडावी आणि दुसरी जागच्या जागी कडेवरून घसरून खाली पडावी, अशी मांडणी करावी. डोळ्यांवर न विसंबता कान द्यावेत. दोन्ही सोंगट्या जमिनीवर आदळल्याचा आवाज एकदमच येतो. टेबल ७५ सेंटीमीटर उंच असेल, तर पडण्यास सुमारे ०.३९ सेकंद लागतो. सेकंदाला २ मीटर वेगाने निघालेली सोंगटी टेबलापासून सुमारे ७८ सेंटीमीटरवर पडेल, ३ मीटर वेगाने निघालेली सुमारे ११७ सेंटीमीटरवर. आवाज मात्र दोन्ही वेळा तेवढ्याच वेळानंतर येईल.

गॅलिलिओचा उतार

आज सोपी वाटणारी ही गोष्ट माणसाला उमगण्यास सुमारे दोन हजार वर्षे लागली. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत गतीसाठी सतत बल लागते, असे मानले जात असे. फेकलेली वस्तू आधी सरळ जाते आणि मिळालेला जोर संपला की खाली येते, ही समजूत त्यातूनच रूढ झाली. सोळाव्या शतकातील तोफखान्याच्या ग्रंथांतही तोफगोळ्याचा मार्ग आधी सरळ रेषा, मग छोटे वळण आणि शेवटी उभे पतन असा रेखाटलेला आढळतो.

इटलीतील पादुआ येथे अध्यापन करणाऱ्या गॅलिलिओने १६०८ च्या सुमारास उतरत्या पट्टीवरून गोळा घरंगळत सोडून तो टेबलाच्या कडेवरून आडवा उडेल, अशी मांडणी केली. उतारावरची उंची बदलत त्याने गोळा जमिनीवर किती दूर पडतो, याची मोजमापे टिपली. हे टिपणाचे कागद फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात जतन झाले आहेत. विज्ञानेतिहासाचे अभ्यासक स्टिलमन ड्रेक यांनी १९७० च्या दशकात त्यांकडे जगाचे लक्ष वेधले, तेव्हा गॅलिलिओने केवळ तर्क लढविला नव्हता, प्रयोगही केले होते, हे ठळकपणे पुढे आले.

या शोधाला आणखी एक धार होती. पृथ्वी फिरत असेल, तर मनोऱ्यावरून सोडलेला दगड मागे का पडत नाही, असा सवाल पृथ्वी स्थिर मानणारे विचारीत. दगडालाही पृथ्वीचा आडवा वेग आधीच मिळालेला असतो आणि पडताना तो नाहीसा होत नाही, हे त्याचे उत्तर होते. १६४० मध्ये पिएर गासेंदी या फ्रेंच विचारवंताने मार्सेय येथे चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड सोडवून ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडतात, हे दाखवून दिले. पृथ्वी फिरते या मताचा पुरस्कार केल्याबद्दल १६३३ मध्ये गॅलिलिओला धर्मन्यायालयाने शिक्षा सुनावली होती. नजरकैदेत, दृष्टी गमावत चाललेली असताना त्याने फेकलेल्या वस्तूंच्या गतीचे विवेचन पूर्ण केले. दोन नव्या विज्ञानांवरील त्याचा हा ग्रंथ १६३८ मध्ये हॉलंडमधील लायडन येथे छापला गेला.

उंच इमारतींखालचा धोका

महानगरांत इमारती उंच होत गेल्या, तसा हा नियम रोजच्या सुरक्षिततेचा विषय बनला. एक मजला ३ मीटरचा धरला, तर दहाव्या मजल्याच्या उंचीवरून म्हणजे ३० मीटरवरून निसटलेली कुंडी सुमारे अडीच सेकंदांत खाली येते. त्या वेळी तिचा वेग ताशी सुमारे ८७ किलोमीटर असतो. विसाव्या मजल्याच्या उंचीवरून, म्हणजे ६० मीटरवरून तिला साडेतीन सेकंद लागतात आणि वेग ताशी १२३ किलोमीटरवर जातो. खालच्या माणसाला वरून कोणी ओरडून सावध केले, तरी मान वर करून बाजूला होण्यास एवढा वेळ पुरेलच, असे नाही.

कुंडी भिंतीलगतच पडेल, हा समजही घातक आहे. कोपर लागून ती सेकंदाला अवघ्या १ मीटर वेगाने बाहेर ढकलली गेली, तरी ६० मीटर खाली येईपर्यंत ती साडेतीन मीटर दूर गेलेली असते. बांधकामावरून कोणी सेकंदाला ५ मीटर वेगाने विटेचा तुकडा भिरकावला, तर तो सुमारे साडेसतरा मीटरवर आदळतो. म्हणजे इमारतीचे आवार ओलांडून तो थेट पदपथावर किंवा रस्त्यावर येऊ शकतो. फेकीचा वेग तोच ठेवून उंची चौपट केली, की हे अंतर दुप्पट होते. बांधकामाभोवती जाळ्या बांधणे, पादचारी मार्गावर छप्पर घालणे, धोक्याचा पट्टा आखताना इमारतीची उंची लक्षात घेणे, या गोष्टी म्हणूनच उपचार म्हणून करण्याच्या नाहीत. कठड्यावर मोकळ्या ठेवलेल्या कुंड्या आत घेणे, हा तर बिनखर्चाचा उपाय आहे.

दरीत कोसळलेल्या वाहनाचा वेग

अपघात तपासात हेच गणित उलट्या दिशेने मांडले जाते. एखादे वाहन कठडा नसलेल्या पुलावरून किंवा रस्त्याच्या कडेवरून खाली गेले, तर तपास करणारे तज्ज्ञ दोन गोष्टी मोजतात. वाहन किती उंचीवरून पडले आणि कडेपासून किती अंतरावर ते प्रथम आदळले. उंचीवरून पडण्याचा वेळ मिळतो. अंतराला त्या वेळाने भागले, की कडा सोडतानाचा वेग मिळतो.

समजा, रस्ता सपाट आहे, उंची ५ मीटर आहे आणि पहिल्या आघाताची खूण कडेपासून १४ मीटरवर आढळली. ५ मीटर पडण्यास सुमारे १.०१ सेकंद लागतो. म्हणजे वेग सेकंदाला सुमारे १३.९ मीटर, अर्थात ताशी ५० किलोमीटर. हेच वाहन ताशी ८० किलोमीटर वेगात असते, तर खूण २२ मीटरच्या पुढे सापडली असती. चालकाच्या सांगण्यापेक्षा ही खूण अधिक भरवशाची ठरू शकते. मात्र ती पहिल्या आघाताचीच हवी. वाहन नंतर गडगडत जेथे थांबले, तेथपर्यंतचे अंतर धरले तर हिशेब चुकतो. घाटात रस्ता कडेशी चढता किंवा उतरता असेल, तर त्या कोनाचाही विचार करावा लागतो. अन्यथा निर्दोष चालकावर बेदरकारपणाचा ठपका येऊ शकतो.

आकाशातून येणारी मदत

रस्ते तुटलेल्या भागात विमानातून अन्नपाणी टाकले जाते, तेव्हा वैमानिकाला लक्ष्य गाठण्यापूर्वीच खोकी सोडावी लागतात. २०० मीटर उंचीवरून, सेकंदाला ६० मीटर म्हणजे ताशी २१६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानातून सोडलेले खोके पॅराशूटविना सुमारे ६.४ सेकंदांत जमिनीवर येते. तेवढ्या वेळात ते सुमारे ३८० मीटर पुढे सरकलेले असते. जमिनीवरच्या माणसाला ते वक्र मार्गाने येताना दिसते. विमानातील माणसाला मात्र ते सरळ आपल्या खालीच पडत असल्याचे भासते, कारण दोहोंचा आडवा वेग एकच असतो.

अशा खोक्याचा जमिनीवर आदळतानाचा एकूण वेग, हवेचा रोध सोडून, ताशी ३१० किलोमीटरच्या घरात जातो. म्हणून पॅराशूट लागते. ते उघडले की आडवा वेग झपाट्याने ओसरतो आणि खोके वाऱ्याच्या हवाली होते. ते खाली येण्यास २० सेकंद लागले आणि वारा सेकंदाला ५ मीटर असला, तर खोके १०० मीटर बाजूला जाते. अचूकता हवी तर विमान खाली आणावे लागते आणि सुरक्षितता हवी तर पॅराशूट उघडण्यास पुरेशी उंची लागते. या दोहोंचा मेळ घालणे हेच कौशल्य असते. भारतीय हवाई दलाने ४ जून १९८७ रोजी 'ऑपरेशन पूमालाई'त पाच एएन-३२ विमानांतून श्रीलंकेतील जाफना भागात सुमारे २५ टन मदतसाहित्य टाकले होते. सियाचीनमधील चौक्यांनाही हवाई मार्गाने टाकलेल्या रसदीचा आधार असतो. पॅराशूटने दगा दिला तर काय होते, हे ८ मार्च २०२४ रोजी गाझामध्ये दिसले. मदतीची खोकी अंगावर कोसळून किमान पाच जणांचा मृत्यू झाल्याचे वृत्त त्या दिवशी आले होते.

नेम आणि टप्पा

खेळाडू हे समीकरण मांडत नाहीत. पण त्यांच्या सरावात ते मुरलेले असते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक पटकावले. या प्रकारातील गोळी सेकंदाला सुमारे ३३० मीटर वेगाने सुटते. ५० मीटर अंतर कापण्यास तिला सुमारे ०.१५ सेकंद लागतो आणि तेवढ्यात ती ११ सेंटीमीटरच्या आसपास खाली येते. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. नळी तंतोतंत आडवी धरून झाडलेली गोळी या वर्तुळाला लागणे शक्यच नाही. नेम धरण्याची साधने अशी बसविलेली असतात, की नजर सरळ असताना नळी किंचित वर रोखलेली राहते.

क्रिकेटमध्येही हाच नियम आहे. ताशी १४४ किलोमीटर वेगाचा चेंडू २ मीटर उंचीवरून अगदी आडवा सोडला, तर दोन्ही बाजूंच्या पॉपिंग क्रीजमधील १७.७ मीटर अंतर कापेपर्यंत तो एक मीटरही खाली येत नाही. फलंदाजाला तो कमरेच्या उंचीवर फुलटॉस मिळेल. म्हणून वेगवान गोलंदाजाला चेंडू किंचित खालच्या दिशेने सोडावा लागतो. फिरकी गोलंदाजाचा ताशी ७० किलोमीटर वेगाचा चेंडू त्याच उंचीवरून आडवा सुटला, तर साडेबारा मीटरच्या आतच टप्पा घेईल आणि आखूड पडेल. त्याला टप्पा पुढे न्यायचा तर चेंडूला उंची द्यावीच लागते. फिरकीची 'फ्लाइट' ही गुरुत्वाकर्षणाने घातलेली अट आहे.

हवेचा वाटा

वरील आकडे काढताना हवेचा रोध बाजूला ठेवला आहे. कुंडी, वीट यांसारख्या जड वस्तूंसाठी काही सेकंदांच्या पतनात त्यामुळे फारसा फरक पडत नाही. वेग जास्त असेल किंवा वस्तू हलकी असेल, तर मात्र हवा हिशेब बदलते. आडवा वेग घटत जातो, वस्तू जवळ पडते आणि वक्र शेवटी अधिक उभा होतो. सुरुवातीच्या कोड्यातील बंदुकीची गोळी प्रत्यक्षात किंचित उशिराच जमिनीवर येईल. वेग वाढला की हवेचा रोध वेगापेक्षा अधिक प्रमाणात वाढतो आणि त्याचा थोडा वाटा पतनालाही मागे खेचतो.

हवाच नसेल तर नियम निखळ रूपात दिसतो. २ ऑगस्ट १९७१ रोजी 'अपोलो-१५' मोहिमेतील डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकाच वेळी सोडले. दोन्ही एकदमच पडले. चंद्रावर गुरुत्व त्वरण पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश असल्याने २ मीटर उंचीवरून पडण्यास तेथे १.५७ सेकंद लागतात, पृथ्वीवर ०.६४ सेकंद पुरतात. साहजिकच तेवढ्याच वेगाने आडवा फेकलेला चेंडू चंद्रावर जवळपास अडीचपट दूर जातो.

न्यूटनचा डोंगर

आतापर्यंत जमीन सपाट मानली. प्रत्यक्षात पृथ्वी गोल आहे आणि सुमारे ८ किलोमीटर अंतरात तिचा पृष्ठभाग ५ मीटर खाली वळतो. आयझॅक न्यूटनच्या मृत्यूनंतर १७२८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथात त्याची प्रसिद्ध कल्पना आढळते. उत्तुंग डोंगरावरून तोफगोळा आडवा डागावा आणि दर वेळी वेग वाढवीत जावे. गोळा अधिकाधिक दूर पडत जाईल आणि शेवटी एक वेळ अशी येईल, की तो जेवढा खाली येईल तेवढीच जमीनही त्याच्याखालून वळलेली असेल. मग तो पडतच राहील. पण जमिनीला कधी टेकणार नाही.

पृथ्वीच्या पृष्ठभागालगत हा वेग सेकंदाला सुमारे ७.९ किलोमीटर येतो. पहिल्या सेकंदात गोळा ४.९ मीटर पडतो आणि ७.९ किलोमीटर अंतरात पृष्ठभागही तेवढाच वळतो. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी 'स्पुटनिक'ने ही कल्पना वास्तवात आणली. १८ जुलै १९८० रोजी श्रीहरिकोटा येथून निघालेल्या एसएलव्ही-३ या अग्निबाणाने 'रोहिणी' उपग्रह कक्षेत नेला. अग्निबाण उभा उडतो खरा. पण नंतर तो कलतो आणि त्याची बहुतेक शक्ती उपग्रहाला आडवा वेग देण्यातच खर्च होते.

अंतराळात गुरुत्वाकर्षण नसते म्हणून अंतराळवीर तरंगतात, हा गैरसमजही येथे दूर होतो. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या कक्षेत गुरुत्व त्वरण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असते. जून २०२५ मध्ये तेथे पोहोचलेले शुभांशू शुक्ला तरंगताना दिसले, कारण ते आणि स्थानक दोन्ही एकाच त्वरणाने, सतत पृथ्वीकडे पडत होते. तेथील विरळ हवेच्या रोधाने स्थानकाचा मार्ग हळूहळू खाली सरकतो आणि इंजिने चालवून त्याला पुन्हा वर उचलावे लागते. तसे केले नाही, तर तेही अखेर खाली येईल.

टेबलावरून उडालेली सोंगटी आणि पृथ्वीप्रदक्षिणा करणारा उपग्रह यांत नियमाचा फरक नाही. फरक आहे तो आडव्या वेगाचा. वेग पुरेसा असेल, तर पतनाची प्रदक्षिणा होते. तो पुरेसा नसेल, तर वस्तू जमिनीवर येणारच. ती किती वेळात येईल हे उंची ठरविते आणि किती दूर पडेल हे वेग. खाली कोणी उभे असेल का, याचा विचार मात्र वस्तू सुटण्यापूर्वी माणसालाच करावा लागतो.